भंगारातला काटा आणि आपली पोरं

जालना ही बियाण्यांची नगरी म्हणून ओळखली जाते, तशी ती पोलादाची नगरीही आहे. १ मे १९८१ रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. तेव्हापासून या शहराभोवती लोखंड वितळवणाऱ्या भट्ट्या आणि सळई ओढणाऱ्या रोलिंग मिली वाढतच गेल्या. आपल्या वस्तीतली कितीतरी माणसं या मिलीत पाळीनं राबतात. भट्टीला लागतं भंगार. म्हणून मोडक्या गाड्या, गंजलेले पत्रे, तुटकी यंत्रं ट्रक भरभरून जालन्यात येतात. जिथं सगळ्यांची दौड संपते, तिथं जालन्याचं काम सुरू होतं!

अशाच एका भंगाराच्या ढिगातून आपल्या वस्तीतल्या एका पोरानं एक तबकडी उचलून आणली. काळी तबकडी, पितळी कडं, आत पांढरा काटा आणि ० ते ८० असे आकडे. जुन्या जीपच्या डॅशबोर्डावरचा तो इंजिनच्या ऑईलचा दाब दाखवणारा काटा होता. त्याच ढिगात पाण्याची उष्णता दाखवणारा त्याचा जोडीदारही सापडला. वजनावर दोन्हींची किंमत चहा-पोह्याएवढीसुद्धा झाली नाही.

या दोन काट्यांनी आमच्या वस्तीला जे शिकवलं, ते चार भाषणांनी झालं नसतं. म्हणून हा लेखनप्रपंच.

तीन गाड्यांची एक गाडी

वस्तीतल्या चार घरांनी वर्गणी काढून एक जुनी जीप घेतली होती. दवाखाना, लग्नकार्य, धम्म परिषद, जयंती अशा वेळी दारात वाहन असावं, एवढाच हेतू. विलीज कंपनीच्या जीप १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून मुंबईत जोडल्या जाऊ लागल्या आणि पुढं खेडोपाडी पोचल्या. आमची जीप त्याच घराण्यातली, पण मूळचं तिच्यात फारसं काही उरलं नव्हतं. सांगाडा एका जीपचा, डिझेल इंजिन दुसऱ्या जीपचं, सीटा तिसऱ्याच गाडीच्या. वस्तीतल्या बायका तिला गोधडी म्हणत, आणि ते नाव बरोबरच होतं.

इथं एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. गाडीचं इंजिन मनाला येईल तसं बदलता येत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मूळ नोंदीपेक्षा वेगळा फेरफार करण्यावर बंधनं आहेत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही याबाबत कडक भूमिका घेतली. इंजिन बदलायचं तर आर.टी.ओ.ची परवानगी घेऊन ते आर.सी. बुकात चढवावं लागतं. आमच्या गोधडीचे कागद आम्ही स्वतः खेटे घालून पुरे केले. कागद पुरे नसलेल्या गाडीला अपघात झाला की विमा हात वर करतो, आणि गरिबाचं घर बसतं.

तर गाडी चालू झाली, पण डॅशबोर्डावर नुसती भोकं होती. ऑईलसाठी एक लाल दिवा तेवढा लावलेला. तो दिवा दाब अगदी तळाला गेल्यावर पेटतो. म्हणजे घरात चोर शिरून माल घेऊन गेल्यावर कुत्रं भुंकायचं, तशातला प्रकार! काटा मात्र दाब हळूहळू उतरतानाच दाखवतो. त्या पोराचं म्हणणं होतं की हे जुने काटे आपल्या गाडीला बसवू. तो बारावीत नापास होऊन एका गॅरेजात हाताखाली काम करत होता. लोक हसले. पण आम्ही म्हणालो, करू द्या त्याला, बिघडलं तर काट्याचं बिघडेल.

वीज नाही, तरी काटा हलतो कसा?

आजच्या गाडीतले काटे विजेवर चालतात. इंजिनात एक सेन्सर, तिथून वायर, मग काटा. सेन्सर आणि काटा एकमेकांच्या जोडीचे नसतील तर काटा वाट्टेल ते दाखवतो. शिवाय जुन्या विलीज जीपमध्ये ६ व्होल्टची बॅटरी असे, आज १२ व्होल्टची असते. जुना विजेचा काटा तसाच जोडला तर तो जळून जाईल.

पण या दोन काट्यांना विजेची गरजच नव्हती. त्यांच्या पोटात एक चपटी, वाकवलेली पितळी नळी असते. ऑईलचा दाब त्या नळीत शिरला की ती किंचित सरळ होऊ पाहते. यात्रेत पोरं फुंकतात ती गुंडाळलेली कागदी पिपाणी डोळ्यांसमोर आणा. फुंकलं की उलगडते, श्वास सोडला की गुंडाळते. नळीच्या टोकाला बारीक दांडी आणि दाते बसवलेले असतात, ते काट्याला फिरवतात. ही नळी फ्रान्सच्या युजीन बूर्दों या कारागिरानं काढली आणि १८४९ साली तिचं पेटंट घेतलं. बॉयलरपासून ऑक्सिजनच्या सिलिंडरपर्यंत अशी नळी आजही दाब दाखवते.

उष्णतेचा काटाही याच नळीवर चालतो. फक्त त्याला एक लांब, केसासारख्या भोकाची तांब्याची नळी जोडलेली असते आणि तिच्या टोकाला एक फुगीर बोंड. बोंडात लवकर वाफ होणारा द्रव, बहुधा ईथर, बंद केलेला असतो. बोंड इंजिनच्या पाण्यात बुडवायचं. पाणी तापलं की आतल्या द्रवाची वाफ दाब टाकते आणि काटा सरकतो. ही केसनळी कधीही कापायची नाही. लांब होते म्हणून कापली की आतली वाफ उडून जाते आणि काटा कायमचा मुका होतो. उरलेली नळी गोल गुंडाळून बांधून ठेवायची.

आटे जुळेनात!

खरी अडचण पुढंच होती. जुन्या काट्याच्या नळीचे आटे इंचाच्या हिशेबाचे आणि निमुळते, इंजिनच्या भोकाचे आटे मिलिमीटरचे. दोन्ही दिसायला सारखे. जोर लावून पिळले तर दोन फेरे बसतातही, पण मग इंजिनचेच आटे जातात आणि हजारो रुपयांचं काम निघतं. पोरानं जोर लावला नाही. तो नमुना घेऊन लेथवाल्या टर्नर मास्तरकडे गेला. मास्तरनं पितळी बूश घडवून दिलं, एका अंगाला मिलिमीटरचे आटे, दुसऱ्या अंगाला इंचाचे. त्यातच तीन तोंडांची जोडणी केली, म्हणजे लाल दिव्याचा स्विचही राहिला आणि काट्यालाही वाट मिळाली.

नंतर आली परीक्षा. काटा हलतो म्हणजे खरं बोलतो असं नाही. पोरानं टायरवाल्याच्या कॉम्प्रेसरवर चांगल्या स्थितीतला दाबमापक आणि आपला जुना काटा एकाच नळीवर जोडले. हवा वाढवत नेली आणि दोघांचे आकडे लिहून काढले. चांगला मापक २० दाखवी तेव्हा जुना २३, तो ४० दाखवी तेव्हा हा ४३. सगळीकडे सारखीच ३ ची चूक! म्हणजे नळी शाबूत होती, फक्त काटा आपल्या जागेवरून सरकला होता. आमचा जन्म हिशेबाच्या वह्यांत गेला. सगळीकडे सारखा फरक दिसला की चूक सुरुवातीच्या शिलकेत असते, हे आम्ही जाणतो. आम्ही त्याला म्हणालो, “बेटा, तू तर ताळा जमवलास!” तो म्हणाला, “काका, ताळा जमला. आता काटा तीन घरं मागं घेतो.”

आकडे पौंडांत होते, तेही समजून घेतलं. १ किलोचा दाब म्हणजे सुमारे १४.२ पौंड. म्हणून ४० पौंड म्हणजे २.८ किलोच्या आसपास. त्यानं खडूनं डॅशबोर्डावर लिहून ठेवलं.

उष्णतेच्या काट्याची परीक्षा त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात झाली. पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, बोंड बुडवलं. काट्यावर फॅरनहाईटचे आकडे. उकळतं पाणी २१२ दाखवायला हवं, असं शाळेत शिकवतात. काटा २१० च्याही किंचित अलीकडे थांबला. आजूबाजूच्या आयाबाया म्हणाल्या, “बिघडलाय गं काटा!” पोरगा हसला. म्हणाला, “मावशी, काटा बरोबर हाय. आपलं जालना उंचावर हाय.” आणि खरंच! जालना समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. इतक्या उंचीवर पाणी १०० ऐवजी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, म्हणजे २०९ फॅरनहाईट. चहा करताना रोज पाहिलेलं पाणी त्या दिवशी आम्हा सगळ्यांना नव्यानं दिसलं.

भगवान बुद्धांचा धम्म ‘एहिपस्सिको’ आहे, या आणि स्वतः पाहा असं सांगणारा. कालामांना त्यांनी हाच मार्ग दाखवला. कुणी सांगितलं, ग्रंथात आहे, परंपरेनं आलं, म्हणून मानू नका, अनुभवानं तपासा. त्या दिवशी पातेल्याभोवती आमच्या आयाबहिणी हेच तर करत होत्या.

बापाची खंत

मात्र पोराचे वडील या सगळ्यावर नाराज होते. रोलिंग मिलीत त्यांची हयात गेली. लालभडक सळई चिमट्यानं धरून हातांना घट्टे पडलेले. त्यांनी एकदा आम्हाला थेटच विचारलं, “साहेब, बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितलं ते हात काळे करायला का? तुमच्यासारखं टेबलावर बसंल म्हणून शाळेत घातलं, आन् हा तर माझ्यापेक्षा काळा होऊन येतो.”

बंधू-भगिनींनो, ही खंत हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पिढ्यान् पिढ्या आपल्या माथी जे काम मारलं गेलं त्यात मेहनत होती, पण मान नव्हता. म्हणून आपल्या माणसाला हातकाम म्हटलं की जुनी जखम आठवते. पण इतिहासाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. आपल्याला मेहनतीचं काम दिलं, मात्र कसबाचं काम दिलं नाही! मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्याची दारं अस्पृश्यांना बंद होती. तुटलेला धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे आणि त्यानं सवर्ण कामगारांना विटाळ होई. विणकाम खात्यात पगार जास्त, म्हणून हा विटाळ फार सोयीचाही होता. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला.

फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. आपल्या जालन्याहून जाणारी रेल्वे जिथं मोठ्या मार्गाला मिळते, तेच हे मनमाड. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, असं बाबासाहेब तिथंच म्हणाले. आपला माणूस रेल्वेत गँगमन म्हणूनच राबतो, कारखान्यात मेकॅनिकच्या जागेवर तो दिसत नाही, ही वस्तुस्थितीही त्यांनी त्या भाषणात मांडली. १९३६ च्या ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ या निबंधात त्यांनी दाखवून दिलं होतं की जात ही नुसती श्रमाची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. पुढं १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या तांत्रिक शिक्षणाच्या योजना तेव्हा त्यांच्याच खात्याकडे होत्या.

म्हणजे बाबासाहेबांना आपल्या पोरांच्या हातातला पाना नको होता, असं नाही. पाना हाती असूनही डोक्याला कुलूप लावलेलं त्यांना नको होतं. आम्ही हे सगळं त्या वडिलांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, पण पटलं असं दिसलं नाही. आम्हीही ताणलं नाही.

भोकरदनच्या रस्त्यावर

बुद्ध पौर्णिमेला अजिंठ्याची लेणी पाहायला जायचं ठरलं. वैशाखाचं ऊन, म्हणून पहाटेच निघालो. गाडीत आम्ही आठ जण. त्यात दोन लहान मुलं, पोरगा आणि त्याचे वडीलही. चाकावर एस.टी.तून निवृत्त झालेले आमचे स्नेही. राजूर मागं टाकलं. काटा ४० च्या आसपास स्थिर होता. भोकरदन जवळ आलं आणि पुढच्या सीटवरचा पोरगा एकदम म्हणाला, “काका, गाडी थांबवा.”

काटा ४० वरून १५ वर आला होता. बघता बघता ५ वर. लाल दिवा मात्र पेटलेला नव्हता. चालक म्हणाले, “अरे, दिवा कुठं पेटलाय? तुझा भंगारातला काटा अडकला असंल.” मागून कुणीतरी म्हणालं, “ऊन व्हायच्या आत अजिंठा गाठू द्या.” पोरगा म्हणाला, “दोघातला एक खोटं बोलतोय काका. कोण ते चालत्या गाडीत नाही कळायचं.”

चालकांनी गाडी बाजूला घेऊन बंद केली. बॉनेट उघडलं तर इंजिनच्या एका अंगावर ऑईलचा सडा! धूर येत होता. काट्याकडे जाणारी तांब्याची बारीक नळी पितळी बुशाच्या तोंडाशी तडकली होती. दिव्याचा स्विच फुटीच्या अलीकडे होता, म्हणून दिवा गप्प. काटा फुटीच्या पलीकडे होता, म्हणून तो आधी बोलला. ऑईलमापाची पट्टी काढली तर ऑईल खालच्या खुणेच्याही खाली. आणखी काही किलोमीटर रेटली असती तर इंजिन जाम झालं असतं. तापलेल्या धुराड्यावर ऑईल सांडून आग लागली असती तर काय झालं असतं, ते लिहवत नाही.

पण वाचकहो, काट्यानं वाचवलं एवढंच सांगून आम्ही थांबलो तर ती अर्धी गोष्ट होईल. नळी तडकली का? कारण ती पोरानंच चुकीची बसवली होती. इंजिन सतत थरथरतं, गाडीचा पत्रा त्या मानानं स्थिर असतो. दोघांमध्ये तांब्याची नळी सरळ ताणून जोडली तर रोजच्या थरथरीनं तांबं कडक होतं आणि एक दिवस तडकतं. तिथं नळीला गोल वेटोळी द्यावी लागतात, म्हणजे थरथर वेटोळ्यांत जिरते. पोरानं ते केलं नव्हतं. कुणी त्याला विचारलंही नव्हतं. चालकाच्या अंगावर ढकलता आलं असतं, टर्नर मास्तरच्या बुशावर ढकलता आलं असतं. तो सगळ्यांसमोर, बापासमोर म्हणाला, “चूक माझी हाय. नळी मी सरळ ओढली. हीच दोन हात अलीकडं, गाडीत तुटली असती, तर उकळतं ऑईल या लेकरांच्या पायावर आलं असतं.”

कुणी काही बोललं नाही.

त्यानं पितळी जोडणी काढली, लाल दिव्याचा मूळ स्विच इंजिनच्या भोकात परत बसवला, सगळं पुसलं. भोकरदनहून ऑईल आणून भरलं. अजिंठ्याचा बेत रद्द केला. लिंबाच्या सावलीला बसून आम्ही भाकरी खाल्ल्या.

मुलं हिरमुसली होती. त्यांना आम्ही सांगितलं की तुम्ही बसलात ती जागाही काही लहान नाही. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन. सांची आणि भारहुतच्या स्तूपांवर दान देणाऱ्यांची जी नावं कोरली आहेत, त्यांत या भोगवर्धनचे लोकही आहेत. इथं उत्खननात हस्तिदंताची एक छोटी स्त्रीमूर्ती सापडली. तिच्याशी मिळतीजुळती मूर्ती थेट इटलीतल्या पॉम्पे शहराच्या अवशेषांत मिळाली आहे. आणि सांचीच्या दक्षिण तोरणावर लेख आहे की हे कोरीवकाम विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलं. राजाच्या नावाइतकंच कारागिराचंही नाव दगडात! आपल्या धम्मात हाताला हा मान होता.

पोराचे वडील काही अंतरावर बसून हे ऐकत होते.

लोखंडाचं शहाणपण

पुढच्या रविवारी पोरानं नवी तांब्याची नळी आणली. ती वाकवण्याआधी मऊ करायची होती. गॅसवर लाल होईपर्यंत तापवून तो ती पाण्यात बुडवणार, एवढ्यात वडील उठले. “अरे, लाल करून पाण्यात टाकतो का कुणी? कडक होईल! हयात गेली माझी भट्टीवर.”

पोरगा म्हणाला, “बाबा, पोलाद कडक होतं. तांब्याचं उलटं हाय. पाण्यात टाकलं तरी ते मऊच राहतं.”

“मला शिकवतो?”

“शिकवत नाही. तुम्हीच टाका. तुम्हीच वाकवून बघा.”

वडिलांनी चिमटा हाती घेतला. नळी लाल केली, पाण्यात बुडवली, बाहेर काढली आणि बोटांनी वाकवली. दोरीसारखी वाकली! त्यांनी ती पुन्हा वाकवली. मग स्वतःच पाइपच्या तुकड्यावर गुंडाळून तीन सुबक वेटोळी करून दिली. सळईला वळण देण्याचा हात तो! म्हणाले, “लोखंडाचं शहाणपण तांब्याला चालत नाही म्हणायचं.”

अनुभव मोठा, पण प्रत्येक धातू आपापला नियम घेऊन येतो. जुन्या पिढीनं आणि नव्या पिढीनं एकमेकांकडे असं पाहिलं तर घराघरातली निम्मी भांडणं मिटतील.

नळी पुन्हा बसली. या वेळी वेटोळी घालून. पत्र्यातून जिथं ती आत येते तिथं रबरी कडं घातलं, म्हणजे पत्र्याची धार नळीला कापणार नाही. टर्नर मास्तरनं बुशाचं भोक सुईएवढं बारीक केलं. काट्याला दाब कळायला तेवढं भोक पुरतं, आणि नळी तुटलीच तर ऑईल धारेनं न जाता ठिबकत जातं. ज्यांना हे काम करायचं असेल त्यांनी या तीन गोष्टी विसरू नयेत. ऑईलला चालणारी, जाळीची मजबूत लवचीक नळी मिळाली तर तांब्यापेक्षा तीच बरी. आणखी एक गोष्ट उष्णतेच्या काट्याची. त्याचं बोंड पाण्यात बुडालेलं असेल तोवरच काटा खरं सांगतो. गळतीनं पाणी उतरलं आणि बोंड कोरडं पडलं, तर इंजिन जळत असताना काटा थंड दाखवू शकतो! म्हणून काटा असला तरी रोज सकाळी इंजिन थंड असताना पाणी पाहणं चुकवू नये.

तात्पर्य

डिसेंबर २०२१ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांची गाडी देशभर गाजली. फार शिक्षण नसलेल्या या माणसानं भंगारातून, सुमारे ६० हजार रुपयांत, किक मारून चालू होणारी चारचाकी घरीच बनवली होती. आनंद महिंद्रा यांनी तिची दखल घेतली आणि जानेवारी २०२२ मध्ये त्या गाडीच्या बदल्यात लोहार कुटुंबाला नवी बोलेरो मिळाली. ही गाडी नियमांत बसत नसल्यानं अधिकारी ती रस्त्यावर चालू देणार नाहीत, असंही महिंद्रांनी तेव्हाच म्हटलं होतं. कौतुक झालं याचा आनंद आहे. पण कौतुकाची वाट पाहत बसणं हा आपला मार्ग नव्हे. हातातल्या कलेला शिक्षणाची आणि प्रमाणपत्राची जोड मिळाली पाहिजे. १९५० पासून कारागीर प्रशिक्षण योजना आहे, तिच्यातूनच आय.टी.आय. चालतात. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानं कारखान्यात विद्यावेतनासह शिकण्याची सोय केली. दहावीच्या गुणपत्रिकेवर आय.टी.आय.चा फॉर्म भरता येतो. बारावीत नापास झालेलं पोर म्हणजे वाया गेलेलं पोर नव्हे!

आमच्या पोरानं मोटार मेकॅनिकचा फॉर्म भरला. बारावीचा राहिलेला विषयही त्याला सोडवायचा आहे, त्यात सूट नाही, हे आम्ही त्याला बजावलं आहे. फॉर्म भरायच्या दिवशी वडिलांनी पाळी बदलून घेतली आणि ते स्वतः रांगेत उभे राहिले.

पुढच्या बुद्ध पौर्णिमेला गोधडीनं आम्हाला अजिंठ्याला नेलं आणि सुखरूप आणलं. जाताना भोकरदनच्या लिंबाखाली पाच मिनिटं थांबलो. पोराचे वडील पुढच्या सीटवर बसले होते. वाटभर त्यांची नजर त्या काळ्या तबकडीवर होती. मधेच चालकांना म्हणाले, “चाळीस हाय. चालू द्या.”

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या घरात, आपल्या गल्लीत असं एखादं काळ्या हातांचं पोर असेल. त्याला हसू नका. त्याच्याजवळ बसा, काय करतोस ते विचारा, आणि त्याची चूक त्यानं कबूल केली तर तिथंच त्याची पाठ थोपटा. भंगारात पडलेला काटा तपासून घेतला की खरं सांगू लागतो. मग आपली लेकरं तर माणसं आहेत!

जयभीम! नमो बुद्धाय!